टूरिंग गाडी की हलकी क्रूझर? हप्ता ठरवण्याआधी रोजचा घाट बघा

पुणे : सासवड, भोर, मंचर भागातली पोरं पुण्यात नोकरीला लागली की वर्षभरात मोठ्या गाडीचा विषय घरात निघतोच. शोरूममध्ये गेल्यावर मग दोन प्रकार समोर येतात. एक लांब पल्ल्याची दणकट टूरिंग गाडी, दुसरी बसकी, आरामशीर क्रूझर. बहुतेक जण इंजिनाचा आकडा बघून टूरिंग बुक करतात आणि तिथेच गणित चुकतं.

उदाहरण पुण्यातलंच घेऊ. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये कावासाकीच्या साथीने एलिमिनेटर आणली. तिचाच वारसा घेऊन २००५ मध्ये अॅव्हेंजर आली. २०१६ च्या अखेरीस त्याच कंपनीची डॉमिनार ४०० आली आणि २०२१ मध्ये तिला उंच काच, हँडगार्ड, कॅरिअर असं प्रवासाचं सामान कारखान्यातूनच बसवून मिळू लागलं. अॅव्हेंजर २२० क्रूझचं वजन १६३ किलो, डॉमिनारचं १९३. फरक ३० किलोचा, म्हणजे पंधरा-पंधरा लिटरचे पाण्याचे दोन कॅन. गाडी पळत असताना हे वजन जाणवत नाही. ते जाणवतं हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये, दाटीच्या पार्किंगमधून गाडी मागे ओढताना आणि दिवे घाटात चढावर ट्रकमागे थांबल्यावर. सीटची उंचीही बघा. क्रूझरची ७३७ मिलिमीटर, डॉमिनारची ८००. सव्वापाच फुटी माणसाचे पाय क्रूझरवर आरामात टेकतात. उंच गाडीवर फक्त चवडे टेकतात आणि खाली खडी असली की गाडी कलंडते.

आता पेट्रोल. सासवड ते पुणे जाऊन-येऊन ६० किलोमीटर धरले, तर महिन्याच्या २५ दिवसांत १,५०० किलोमीटर होतात. क्रूझरने लिटरला ३८ आणि मोठ्या गाडीने २७ दिले, तर महिन्याला १६ लिटरचा फरक पडतो. पेट्रोल शंभरीपार आहे, त्यामुळे दीड हजाराच्या वर रक्कम नुसती टाकीत जाते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के जीएसटी आहे.

पण क्रूझर म्हणजे सगळं सोनं, असंही नाही. तिच्यावर पाय पुढे ताणलेले असतात. खड्डा आला की पायावर उभं राहून दणका झेलता येत नाही, तो थेट कंबरेला बसतो. ज्याला आधीच कंबरदुखी आहे, त्याने गावच्या रस्त्यावर चालवून बघितल्याशिवाय हो म्हणू नये. दुसरं म्हणजे ब्रेक. अॅव्हेंजरला मागे ड्रम आहे, एबीएस फक्त पुढच्या चाकाला. डॉमिनारला दोन्ही चाकांना डिस्क आणि एबीएस. नवले पुलाच्या उतारावर अवजड वाहनांमध्ये किंवा पावसात वरंधा घाट उतरताना, मागे बायको बसलेली असताना हा फरक मोठा आहे. ज्याचं महिन्यातून तीन-चार वेळा सोलापूर, कोल्हापूरला जाणं होतं, त्याने टूरिंगच घ्यावी. उंच काचेमुळे छातीवर वारा कमी येतो, माणूस थकत नाही.

मुंबईला सुसाट जायचं म्हणून मोठी गाडी घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. लोणावळा-खोपोलीचा जुना रस्ताच धरावा लागतो आणि बोरघाटात चाळीस अश्वशक्तीचा उपयोग कितीसा होणार!

लडाखचं स्वप्नही अनेकांना खर्चात पाडतं. वर्षातले आठ-दहा दिवस तिकडे जायचं म्हणून उरलेलं वर्ष जड गाडी ट्रॅफिकमध्ये ढकलण्यात अर्थ नाही. मनाली आणि लेहला गाड्या भाड्याने मिळतात.

शोरूमवाला चकचकीत फरशीवर बसवून दाखवतो, तेवढ्यावर भुलू नका. रोजचे बूट घालून जा, घरच्या माणसाला मागे बसवा, एखाद्या चढावर थांबवून पुन्हा गाडी उचला. इंजिन बंद करून ती हाताने मागे ढकलून बघा. आणि तालुक्याच्या गावी त्या गाडीचं सर्व्हिसिंग होतं का, क्लचप्लेट आणि ब्रेकपॅड किती दिवसांत मिळतात, हे बुकिंगचे पैसे देण्याआधी विचारा.