वचनदत्त देश आणि कोकणातले बेने इस्राएल

हिब्रू धर्मग्रंथांत देव अब्राहामाला आणि त्याच्या वंशजांना कनान देश देण्याचे वचन देतो. मराठी बायबलमध्ये त्या देशातल्या वाट्याच्या जमिनीला ‘वतन’ म्हटले आहे. मूळ हिब्रू शब्द ‘नहला’. त्याला इतका नेमका प्रतिशब्द क्वचितच सापडेल. मराठवाड्यात इनाम आणि वतन हे शब्द जमिनीच्या दाव्यांत आजही कानावर पडतात, त्यामुळे अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. वतन पिढीजात चाले, पण चाकरीशी बांधलेले असे, आणि चाकरीत कसूर झाली तर जप्तही होई.

‘लेवीय’ या ग्रंथातला नियम याच जातीचा आहे. जमीन देवाची, तीवर राहणारे लोक उपरे. म्हणून ती कायमची विकता येत नाही, पन्नासाव्या वर्षी मूळ घराण्याकडे परतते. या नियमाची कसोटी इस्राएलचा राजा अहाब याच्या गोष्टीत लागते. त्याला नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा हवा होता. बदली मळा किंवा रोख किंमत द्यायला तो तयार होता, पण वाडवडिलांचे वतन देणार नाही, असे नाबोथाने सांगितले. खोट्या साक्षीवर त्याला दगडांनी ठार मारण्यात आले. मळ्याचा ताबा घ्यायला गेलेल्या राजाला तिथेच गाठून जाब विचारला तो एलीया संदेष्ट्याने.

पुढच्या संदेष्ट्यांनीही वचनाकडे असेच पाहिले. गरिबाला नाडणाऱ्यांचा देश जाणार, हे आमोसाने बजावले. इ.स.पू. 722च्या सुमारास इस्राएलचे उत्तरेकडचे राज्य अश्शूरी सैन्यापुढे कोसळले. पलिष्टी लोकांनाही याच देवाने त्यांच्या मूळ ठिकाणाहून आणले, असे आमोस सांगतो, तेव्हा वचनाचा अहंकार धरायला जागाच उरत नाही.

यिर्मया संदेष्ट्याने मात्र जमीन हातची जात असताना ती विकत घेतली. इ.स.पू. 587च्या सुमारास यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा होता आणि तो स्वतः पहाऱ्यात अडकला होता. चुलतभाऊ अनाथोथचे शेत विकायला आला. यिर्मयाने सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून दिली आणि साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. एक मोहरबंद व एक उघडे अशी दोन्ही खरेदीखते मातीच्या भांड्यात ठेवायला लावली, म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकतील. या देशात पुन्हा घरे, शेते, मळे विकत घेतले जातील, असा त्याचा अर्थ होता. शिक्षा अटळ आहे, तरी वचन संपलेले नाही, हे इतक्या साध्या कृतीतून क्वचितच कुणी सांगितले असेल. बाबेलला नेलेल्या लोकांना याच यिर्मयाने पत्र धाडले होते: तिथे घरे बांधा, बागा लावा, त्या शहराचे भले चिंता.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाचे आयुष्य या पत्राबरहुकूम गेल्यासारखे दिसते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, काम बंद ठेवत, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेले. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावे त्यांनी गावांवरून घेतली. नाबोथाची बाजू घेणारा एलीया त्यांच्याकडे ‘एलियाहू हन्नाबी’ झाला. तो अलिबागजवळच्या खंडाळ्याहून स्वर्गाला गेला, अशी श्रद्धा आहे. तिथल्या कातळावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण दाखवतात. नवस फेडताना आणि मंगलकार्यात त्याच्या नावाने पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा ‘मलिदा’ होतो.

1948 साली इस्राएलचे राज्य स्थापन झाले तेव्हा भारतात हा समाज सुमारे 20,000 होता. बहुतेक कुटुंबे पुढच्या काही दशकांत तिकडे गेली आणि दिमोना, बेअरशेबा, लोद, अश्दोद अशा गावांत वसली. कुणी तक्रारी घेऊन परतही आले. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने विवाहाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी मागितली. अब्राहामाच्या वचनावर विसंबून आलेल्यांना आपण त्याचेच वंशज आहोत हे सिद्ध करायला लागणे, ही फार कठोर गोष्ट होती. निदर्शने झाली आणि 1964 साली इस्राएलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत यहुदी मानले.

तिथे ‘मायबोली’ हे मराठी त्रैमासिक निघू लागले, घरोघरी मलिदाही होत राहिला. भारतात येणारी इस्राएली कुटुंबे खंडाळ्याच्या कातळाशी नवस फेडायला जातात.