मिरीचं पाणी आणि खरी दाद

कोणी काही नवं सांगितलं की आपण बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर 'वा, छान!' म्हणतो, नाहीतर 'छे, असं कुठं असतं का?' म्हणून सोडून देतो. दोन्हींतून सांगणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मग त्याचं काम पुढं नेणारा प्रतिसाद कसा असतो? साडेतीनशे वर्षांपूर्वीचं एक उदाहरण बघू या.

आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाची पायरी न चढलेला. त्याला डचशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. पण स्वतः बनवलेल्या इवल्याशा भिंगांतून तो मिळेल ते बघत बसायचा. मिरी तिखट का लागते, हे शोधायला त्यानं मिरी पाण्यात भिजत घातली. तिखटपणाचं कारण काही सापडलं नाही, पण काही आठवड्यांनी त्या पाण्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. ९ ऑक्टोबर १६७६ च्या लांबलचक पत्रात त्यानं हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं.

आता तुम्ही सोसायटीच्या जागी आहात असं समजा. एक दुकानदार म्हणतो की पाण्याच्या एका थेंबात लाखो जीव आहेत. तसं भिंग दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि आपली सर्वांत चांगली भिंगं तो कोणाला देतही नाही. तुम्ही काय उत्तर द्याल?

सोसायटीचे सचिव होते हेन्री ओल्डेनबर्ग, मूळचे जर्मनीतल्या ब्रेमेनचे, लंडनमध्ये स्थायिक झालेले. (आपल्यासारखेच परदेशी!) त्यांनी पत्राचा इंग्रजी अनुवाद करून निवडक भाग छापला आणि उलट विचारलं, 'हे जीव तुम्ही मोजता कसे?' प्रश्न साधा, पण नेमका. उत्तरादाखल लेव्हेनहूकला आपली रीत सांगावी लागली: बाजरीच्या दाण्याएवढ्या पाण्यात किती जीव दिसतात याचा अंदाज घ्यायचा, मग थेंब त्याच्या किती पट आहे हे बघून गुणाकार करायचा. साक्षीदार म्हणून त्यानं आठ प्रतिष्ठित नागरिकांना ते जीव दाखवले आणि त्यांचे लेखी दाखले पाठवले.

साक्षीदार मिळाले, तरी दुसऱ्या कोणी स्वतः करून बघणं बाकी होतं. ते काम रॉबर्ट हूकनं अंगावर घेतलं. नोव्हेंबर १६७७ मध्ये सोसायटीच्या बैठकीत त्यानं मिरीचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. आधी काहीच दिसलं नाही. 'थापा आहेत सगळ्या' म्हणून त्यानं विषय मिटवला असता, तर कोणी दोष दिला नसता. पण त्यानं जास्त ताकदीचं भिंग आणि पाणी धरायला बारीक काचनळ्या वापरल्या. १५ नोव्हेंबरला ते जीव दिसले, जमलेल्या सभासदांनीही पाहिले. १६८० मध्ये हा दुकानदार सोसायटीचा फेलो झाला. १७२३ मध्ये मरेपर्यंत तो पत्रं पाठवत राहिला.

नुसती वाहवा झाली असती किंवा नुसती टिंगल, तर सूक्ष्मजीवांची गोष्ट डेल्फ्टच्या एका दुकानदाराची गंमत म्हणून विरून गेली असती. ती टिकली, कारण कोणी 'कसं?' असं विचारलं आणि कोणी स्वतः करून बघितलं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी काही नवं सांगेल, मग ती तुमची आठ वर्षांची मुलगी असो की शेजारचे निवृत्त काका, एक नेमका प्रश्न विचारा: 'हे तुला कसं कळलं?' जमलं तर करून बघा. नाहीच जमलं, तर काय केलं आणि कुठं अडलं तेही सांगा. समोरच्याला त्याचाही उपयोग होतो.

सुरुवात मिरीपासूनच करा ना! मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटानं बनवलेला 'फोल्डस्कोप' हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक सुमारे १४० पट मोठं दाखवतो. चमचाभर मिरी पाण्यात काही दिवस भिजू द्या आणि एक थेंब त्याखाली ठेवा. काय दिसलं ते कळवा. आणि हो, काहीच दिसलं नाही तर तेही!