बेथेलची शाळा आणि बेथेलची जमीन

जालना म्हटले की मोसंबी, बियाणे आणि लोखंडी सळया आठवतात. पण याच जालन्याजवळ दीडशे वर्षांपूर्वी शाळा आणि शेती एकाच दावणीला बांधणारे एक गाव वसले होते. आमच्या शेतीखात्यातल्या मंडळींनाही ते फारसे ठाऊक नसते. त्या गावाचे नाव बेथेल.

ते वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री मूळचे ब्राह्मण घरचे. मुंबईच्या मिशनशाळेत शिकले आणि १८४३ साली ख्रिस्ती झाले. धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरी राहायला गेला तेव्हा केवढा गदारोळ उठला! प्रकरण कोर्टात गेले, पोर बापाच्या स्वाधीन झाले. प्रायश्चित्त देऊन त्याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी कर्मठांचा रोष पत्करला. नारायणराव मात्र आपल्या वाटेने गेले. १८५४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि पुढच्या दशकात ते निजामाच्या मुलखातल्या जालन्यास आले. त्यांचे मिशन स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रोटेस्टंट. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत, ज्यात आपला जिल्हा येतो, तो फार पुढे, १९७७ साली झाला.

जालन्यात त्यांच्याकडे आले ते बहुतेक मांग समाजाचे लोक. वस्ती गावकुसाबाहेर, धंदा दोरखंड वळण्याचा. धर्म बदलला की गावातले बलुतेही जाण्याची धास्ती. अशा घरातले मूल शाळेत टिकायचे कसे? नारायणरावांनी निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि तिच्यावर बेथेल उभे केले. प्रार्थनामंदिर, शाळा, विहिरी, घरे, सारे एका शिवारात. बाप शेतात आणि पोर शाळेत, अशी ती मांडणी. त्याआधी पुण्यात जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीने आपल्या लोकांचे दुःख लिहून काढले होते. १८५५ साली ते छापले ‘ज्ञानोदय’ने, तेही मिशनचेच पत्र.

धर्मांतराविषयी वाचकांची मते वेगवेगळी असतील, ती असोत. जमीन आणि धर्म एकाच हाताने दिले तर घेणाऱ्याला नाही म्हणणे अवघड जाते, हे मलाही दिसते. पण मी शेतीचा माणूस. पाटीच्या आधी पोटाचा आणि पाण्याचा विचार करणारा शिक्षक मला आमच्याच बिरादरीतला वाटतो. १८७३ साली ते थेट न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला जाऊन आले. १८९१ साली वारले.

हे आज सांगावेसे वाटले त्याला कारण आहे. गेल्या पावसाळ्यात मंठ्याकडच्या एका वाडीवर कपाशी पाहायला गेलो होतो. शेतकऱ्याने औषधाची बाटली पुढे केली. मी चष्मा शोधेपर्यंत त्याच्या पाचवीतल्या मुलीने लेबल घडाघडा वाचले आणि वर बजावले, “बाबा, तोंडाला रुमाल बांधा, इथं लिहिलंय.” दीड एकर कोरडवाहू, विहिरीला फाल्गुनात पाणी नाही, असे ते घर.

दिवाळीनंतर बोंडअळीची पाहणी करायला पुन्हा गेलो, तर दाराला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, “कोयत्यावर गेले साहेब सगळे, पोरगीबी. आता येतील पाडव्याच्या सुमाराला.”