मातीपासून मॅटपर्यंत (लेखांक 9) : पुन्हा पुन्हा दुखावणारा गुडघा

कोपरारक्षकाने घोट्याची पकड टाकताना मागचा पाय किती घट्ट रोवलेला असावा लागतो, हे मागील लेखांकात आले आणि त्याच ओघात या आठवड्यात कबड्डी मातीवरून मॅटवर कशी आली याचा इतिहास मांडायचा होता. परंतु कोथरूडच्या एका वाचकाने पाठवलेला प्रश्न त्याआधी हाताळणे आवश्यक आहे. पुणेरी पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार याला दुखापतींमुळे पुन्हा पुन्हा मैदानाबाहेर बसावे लागते, तेव्हा त्याचे शरीरच मुळात नाजूक आहे असे समजावे काय, आणि तसे असेल तर संघ दर वेळी त्याच्यावरच भिस्त का ठेवतो, असा तो प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर त्या रोवलेल्या पायापाशीच सापडते, म्हणून मॅटचा इतिहास एक आठवडा लांबणीवर टाकण्यात फारसे नुकसान नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेला अस्लम प्रो कबड्डी लीगच्या आठव्या हंगामात नव्या तरुण खेळाडूंच्या गटातून पुणेरी पलटणमध्ये दाखल झाला. नवव्या हंगामात पलटणने प्रथमच अंतिम फेरी गाठली, परंतु 17 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत जयपूर पिंक पँथर्सविरुद्ध 29-33 असा पराभव झाला तेव्हा अस्लम आणि मोहित गोयत हे दोन्ही मुख्य चढाईपटू दुखापतीमुळे संघात नव्हते. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले ते त्याच्याच नेतृत्वाखाली. त्या हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू हा बहुमानही त्यालाच मिळाला. अकराव्या हंगामात मात्र गुडघ्याच्या दुखापतीने त्याला मध्यावरच खेळ थांबवावा लागला आणि गतविजेता संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचू शकला नाही. बाराव्या हंगामात, 2025 मध्ये, त्याच्याच नेतृत्वाखालील पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली आणि दिल्लीत दबंग दिल्लीकडून 28-31 अशी अवघ्या तीन गुणांनी हरली. संघाची उंची आणि एका खेळाडूची तंदुरुस्ती यांचा इतका जवळचा संबंध महाराष्ट्राच्या कबड्डीत अलीकडे दुसरा दाखवता येणार नाही.

या कारकिर्दीकडे पाहताना अस्लम केवळ चढाईपटू नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. तो अष्टपैलू आहे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात शिरून गुण आणणे आणि आपल्या अंगणात आलेल्याला पकडणे ही दोन्ही कामे तो करतो, आणि म्हणून दुखापतीच्या दोन्ही वाटा त्याच्यासाठी उघड्या राहतात. चढाई करताना धोका असतो तो परत फिरण्याच्या क्षणी, कारण निदान रेषेपलीकडून मध्यरेषेकडे झेपावताना त्याला एकाच पायावर सगळे वजन घेऊन कंबर वळवावी लागते आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी मांडीला किंवा घोट्याला विळखा घालते. बचाव करताना धोका वेगळाच असतो : पकड करणारा खाली बसतो, चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषेकडे सरकतो, साखळीतले सहकारी मदतीला धावून येतात आणि तीन-चार जणांचा तो ढीग कोसळतो तेव्हा सर्वांत खाली, बहुधा आडव्या दिशेने अडकलेला, पहिल्या पकडपटूचा पाय असतो.

अमेरिकन फुटबॉलमधील लाइनमन, म्हणजे चेंडूच्या रेषेवर समोरासमोर उभे राहून प्रतिस्पर्ध्याला अंगबळाने रोखणारा खेळाडू, नेमका याच प्रकारे जायबंदी होतो. तो समोरच्याशी झुंजत असताना बाजूने कोणीतरी पडते आणि त्याच्या रोवलेल्या पायावर घरंगळते. तेथील लाइनमनचे वजन 130 ते 140 किलो असते आणि आपल्याकडे पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत 85 किलोंची मर्यादा आहे, हा फरक मोठा आहे खरा. परंतु लाइनमनच्या गुडघ्यावर अनेकदा धातूची पट्टी असते आणि अंगावर संरक्षक साधने असतात, तर कबड्डीपटूच्या अंगावर बनियन, चड्डी, बूट आणि फार तर कापडी गुडघापट्टी, याहून अधिक काही नसते. दुसरा फरक वेळापत्रकाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. अमेरिकन व्यावसायिक संघ मुख्य हंगामात सर्वसाधारणपणे आठवड्याला एक याप्रमाणे 17 सामने खेळतो, तर प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामात प्रत्येक संघाला साखळीतील 22 सामने सुमारे दोन महिन्यांत खेळावे लागले, म्हणजे सरासरी दर तिसऱ्या दिवशी एक. दुखावलेल्या स्नायूची सूज उतरायला जेवढा अवधी लागतो, त्याच्या आत पुढच्या सामन्याची शिटी वाजलेली असते.

आता प्रत्यक्ष गुडघ्याकडे वळावे. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना सांधणाऱ्या चार मुख्य अस्थिबंधांपैकी, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांपैकी, आतून तिरका जाणारा पुढचा अस्थिबंध, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो नडगीला पुढे सरकू देत नाही आणि सांधा गरकन फिरण्यापासून रोखतो. तो तुटण्यासाठी समोरच्याचा धक्का लागावाच लागतो असे नाही. पाऊल जमिनीला चिकटलेले, गुडघा किंचित वाकलेला आणि वरचे धड वळलेले, एवढी स्थिती पुरेशी असते, आणि कबड्डीपटू प्रत्येक चढाईत किमान एकदा तरी या स्थितीतून जातो. मातीवर अशा वेळी पाऊल घसरते, गुडघे फुटतात, कोपरे सोलतात, पण पायाला फिरण्याची मुभा मिळते. मॅटवर रबरी तळव्याचा बूट पृष्ठभागाला घट्ट धरतो आणि जो पीळ मातीने घेतला असता तो गुडघ्याला घ्यावा लागतो. मॅटने कातडी वाचवली आणि सांध्यावरचा भार वाढवला, हे पुढील लेखांकातील चर्चेचे सूत्र येथेच नोंदवून ठेवणे योग्य ठरेल.

मैदानावर ज्याला ‘लिगामेंट गेले’ म्हणतात ती दुखापत एवढी चिवट का असते, याचे कारण असे की या अस्थिबंधाला रक्तपुरवठा तुटपुंजा असल्यामुळे पूर्ण तुटल्यावर तो सहसा आपोआप सांधत नाही. शस्त्रक्रियेत मांडीच्या मागच्या स्नायूचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवतात. परंतु बसवलेला कंडरा पहिल्या काही महिन्यांत बळकट होण्याऐवजी आधी कमजोर होतो आणि मग हळूहळू अस्थिबंधाचे गुण घेतो. खेळाडूला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुखणे थांबल्यासारखे वाटते, धावता येते, बैठका मारता येतात, आणि याच काळात घाई होण्याचा संभव सर्वाधिक असतो. शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने स्पर्धात्मक खेळ टाळावा, असा सल्ला क्रीडावैद्यक देते. मूळ अस्थिबंधात सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी मज्जातंतूंची टोकेही असतात, आणि ती गेल्यावर पाऊल कोठे व कसे पडले याची जाणीव मंदावते. म्हणून मांडीचे बळ परत आले तरी तोल परत आणण्याचा सराव स्वतंत्रपणे, एका पायावर उभे राहण्यापासून, करून घ्यावा लागतो. आधीची दुखापत हेच नव्या दुखापतीचे एक मोठे कारण ठरते, ते यामुळे. म्हणून नाजूक शरीर हे स्पष्टीकरण अपुरे आहे. धोका खेळाडूच्या भूमिकेत असतो, आणि वेळेआधी परतण्याने तो वाढतो.

पवन सेहरावतचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. नवव्या हंगामासाठी तमिळ थलायवाजने त्याला 2 कोटी 26 लाख 50 हजार रुपयांना घेतले, आणि 8 ऑक्टोबर 2022 रोजी संघाच्या पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत होऊन तो पूर्ण हंगामाला मुकला. देशातला अव्वल चढाईपटू जायबंदी झाला तो चढाई करताना नव्हे, तर प्रतिस्पर्धी चढाईपटूला पकडण्याच्या प्रयत्नात, हे विशेष. जवळपास नऊ महिन्यांनी, जून 2023 मध्ये, बुसानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तो भारताचा कर्णधार म्हणून उतरला आणि भारताने अंतिम सामन्यात इराणला हरवले. त्याच वर्षीच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर पूर्वीपेक्षाही मोठी, 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपयांची बोली लावली. पुरेसा अवधी मिळाला तर गुडघ्याची दुखापत कारकिर्दीचा शेवट ठरत नाही, एवढे यातून नक्कीच दिसते.

असा अवधी मिळतो तो लीगमधल्या नामवंताला. जिल्हा स्तरावरच्या खेळाडूची गोष्ट निराळी आहे, आणि कोथरूडच्या वाचकाने तिकडे विशेष लक्ष द्यावे अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, त्यासाठी राज्य स्पर्धेतील कामगिरीचे प्रमाणपत्र मोलाचे ठरते, आणि त्या स्पर्धेसाठी जिल्हा संघाची निवड होते तेव्हा गुडघा दुखतो असे सांगणे म्हणजे नोकरीच्या वाटेवरून स्वतःहून बाजूला होणे, अशी मुलांची समजूत असते. मग चिकटपट्टी गुंडाळून, वेदनाशामक गोळी घेऊन, हाडवैद्याकडून गुडघा चोळून घेऊन तो मुलगा मैदानात उतरतो. अर्धवट फाटलेला अस्थिबंध पूर्ण तुटतो, सोबत सांध्यातली कूर्चेची चकती चिरडते, आणि विशीतच त्याचा खेळ संपतो. हे दृश्य पुण्या-नगरच्या दिवसरात्र स्पर्धांत जागोजाग दिसते आणि त्याबद्दल कबड्डीप्रेमींना मनापासून वेदना झाली पाहिजे, कारण सामना पाहणाऱ्या गर्दीत या मुलाला थांबवू शकणारा एकही फिजिओथेरपिस्ट बहुधा नसतो.

संघ अस्लमवर भिस्त का ठेवतो, या प्रश्नाच्या उत्तरार्धाकडे वळताना नवव्या हंगामाचीच उपांत्य लढत पाहावी. अस्लम आणि मोहित दोघेही नसताना पंकज मोहितेने चढायांचा सगळा भार उचलला आणि पलटणने तमिळ थलायवाजला 39-37 असे हरवले. दहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यातही निर्णायक ठरली ती पंकजचीच एका चढाईत चार गुण मिळवणारी अव्वल चढाई. कर्णधाराच्या गुडघ्याला विश्रांती देता येते ती त्याची जागा घेणारा तयार असेल तेव्हाच, आणि त्या दोन्ही हंगामांत पलटणकडे असे खेळाडू होते. अकराव्या हंगामात तेच गणित बिघडले, कारण आकाश शिंदेकडे नेतृत्व आले तरी चढाई आणि बचाव या दोन्ही बाजूंना अस्लमची उणीव एकाच वेळी भासली. एका अष्टपैलू खेळाडूची जागा भरायला दोन खेळाडू लागतात. म्हणून संघव्यवस्थापन त्याच्या पुनरागमनाची वाट पाहते, आणि संघाच्या भल्याचा विचार केला तरी हा निर्णय योग्यच वाटतो.

मॅट कबड्डीत केव्हा आणि कोणत्या अडचणींतून रुजली, तसेच मातीवर वाढलेल्या पिढीने बुटांशी कसे जमवून घेतले, हा राहिलेला विषय पुढील आठवड्यात.