वडशाचं नाटक फ्लॉपीत भरायचं तर!

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच महिन्यात अमेरिकेत ‘कमोडोर 64’ हा घरगुती कॉम्प्युटर दुकानात आला, आणि 1 ऑक्टोबरला जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विकायला निघाला. म्हणजे आपला जिल्हा सीडी प्लेअरपेक्षा महिनाभराने मोठा!

झाडीपट्टीच्या, म्हणजे वडशासारख्या आपल्या भागातल्या गावांत रात्रभर चालणाऱ्या नाटकांचे व्हिडिओ आता नेटवर भरपूर आहेत. त्यातला आवाज काढून जुन्या कॉम्प्युटरांना नि फोनांना समजेल अशा फाइलीत बसवला तर काय होतं? काम सोपं आहे. एफएफएमपेग नावाचं फुकट साधन चित्र बाजूला टाकतं आणि आवाज हव्या त्या साच्यात ओततं. कीपॅड फोनच्या कार्डात गाणी भरून देणारा गावातला दुकानदार वर्षानुवर्षं याच जातीचं काम करत आलाय.

आधी मोठा साचा घेऊ. ‘वेव्ह’ ही फाइल मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने 1991 साली आणली. जुन्या वेव्ह फाइलीत 4 जीबीपेक्षा जास्त मावत नाही. सीडीच्या दर्जाने ते पावणेसात तास होतात. रात्री 10 ला पडदा उघडला, तर पहाटे पावणेपाचला फाइल भरते. झाडीपट्टीचं रात्रभराचं नाटक जणू मापून शिवल्यासारखं बसतं!

फ्लॉपी मात्र कंजूष. 1.44 एमबीत सीडीच्या दर्जाचा आवाज जेमतेम 8 सेकंद राहतो. ऑर्गनवाला सूर धरतो तोवर जागा संपली. टेलिफोनच्या दर्जावर उतरलं, की त्याच फ्लॉपीत 3 मिनिटं मिळतात, एक पद आरामात. कीपॅड फोनच्या ‘एएमआर’ साच्यात तर 15 मिनिटं, म्हणजे अख्खा प्रवेश.

ही बचत येते कुठून? नेटवरच्या व्हिडिओत आवाजाचे बहुधा सेकंदाला 48,000 नमुने असतात. सन कंपनीच्या जुन्या कॉम्प्युटरांची ‘एयू’ फाइल 8,000 वर भागवायची. सहातला एकच नमुना उरतो आणि 4,000 हर्ट्झच्या वरचं सगळं जातं. ‘स’ची धार नेमकी तिथेच असते. म्हणून फोनवर ‘सोड’ म्हटलं की पलीकडे ‘फोड’ ऐकू येतं. झांजेची चमकही जाते. पण माणसाचा स्वर मधल्या पट्ट्यात राहतो, तो टिकतो. झाडीपट्टीतल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली; त्यांच्यासारख्या कसलेल्या नटाचं भरदार स्वगत या चाळणीतूनही ओळखू येईल, याची मला खात्री आहे.

माणसाचा स्वर टिकला, पण आपल्याकडच्या जंगलाचं मात्र अवघड आहे. टेलिफोनची जुनी तार साधारण 300 ते 3,400 हर्ट्झ एवढंच वाहून नेते. बऱ्याच रातकिड्यांची किरकिर त्याच्या वर, वाघाच्या डरकाळीचा घुमारा त्याच्या खाली. ताडोब्यातून फोन लावला, तर जंगलाची दोन्ही टोकं तारेबाहेर राहतात.

कमोडोरची करामत मला सगळ्यात आवडते. त्याच्या आवाजाच्या चिपमध्ये ध्वनिमुद्रण वाजवायची सोयच नव्हती. प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरांनी व्हॉल्यूमचं बटण सेकंदाला हजारो वेळा वरखाली करायला लावलं, आणि त्या खडखडाटातून माणसाचा आवाज निघाला! व्हॉल्यूमच्या पायऱ्या किती, तर 16. सीडीला 65,536.

जुन्या पीसीत आवाजासाठी बसवायच्या साउंड ब्लास्टर कार्डाच्या ‘व्हॉक’ फाइलीत तर शांततेची वेगळी नोंद करता येते. नायिकेने पत्र वाचलं, तीन सेकंद थांबली. टेलिफोनच्या दर्जाच्या साध्या नोंदीत याला 24,000 बाइट लागतील. व्हॉक लिहितं: ‘इथे इतका वेळ गप्प’, आणि 7 बाइटांत मोकळं होतं. फक्त त्या तीन सेकंदांत समोरच्या मंडपात बायका पदराने डोळे पुसत असतात, कुणीतरी हुंदका देतं, मागे लेकरू कुरकुरतं. किती हळू आवाजाला शांतता मानायचं, ती पट्टी भरणाऱ्याने जरा वर ठेवली, की त्या 7 बाइटांत हे काहीच येत नाही.