एपिसोड ४१ (लिखित रूप): ब्रेक ऑइलच्या डबीत भलतंच ऑइल गेलं तर?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोललो तेच आहे, फक्त मधले ‘अं...’ काढलेत.

भोकरदनहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. तिथल्या नवीन पोराने ब्रेक ऑइलच्या डबीत पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं. लक्षात आल्यावर मिस्त्रीने सिरिंजने वरवरचं काढलं, वरून नवं ब्रेक ऑइल भरलं, आणि ‘काही होत नाही, बिनधास्त चालवा’ म्हणून चावी हातात दिली. चार दिवस झाले, ब्रेक मस्त लागतायत. रविवारी घरच्या सगळ्यांना घेऊन चाळीसगावला लग्नाला जायचंय. जाऊ का?

नाही. त्या गाडीने तर नाहीच. सिल्लोडवरून जाताना मध्ये कन्नडचा घाट लागतो, आणि तो उतरायचा आहे. एवढं मी त्यांना लगेच कळवलं. आता का, ते नीट बघू.

पहिला घोळ नावातच आहे. आपण सगळे त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते ऑइल नसतंच. आपल्या कारमध्ये जे डॉट ३ किंवा डॉट ४ असतं ते ग्लायकॉल इथर प्रकारचं रसायन आहे. ते पाण्यात विरघळतं. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंग ऑइल, गिअर ऑइल यांच्यात बहुतेक वेळा मूळ पेट्रोलियमचं असतं, आणि ते पाण्यावर तरंगतं. दोन्ही पातळ, दोन्ही बुळबुळीत, दोन्ही ‘ऑइल’. मग नवीन पोराने काय ओळखायचं? माझ्या मते अर्धी चूक त्या शब्दाची आहे.

आता खरं नुकसान कुठे होतं? रबरात. तुम्ही पायडल दाबता तेव्हा मास्टर सिलिंडरमधला पिस्टन द्रव ढकलतो, तो दाब पाइपातून चारही चाकांपर्यंत जातो. या रस्त्यात जिथे जिथे पिस्टन आहे तिथे रबरी सील आहे. हे रबर साधारणपणे ईपीडीएम नावाचं असतं. ग्लायकॉलमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतं, पण पेट्रोलियम ऑइल लागलं की फुगतं आणि मऊ पडतं. पाण्यात टाकलेल्या हरभऱ्यासारखं. लगेच नाही, हळूहळू. म्हणून ‘चार दिवस मस्त चालले’ याला काही अर्थ नाही.

सील फुगल्यावर काय होतं बघा. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. ब्रेक सोडला की त्यातून जास्तीचा द्रव डबीत परत जातो. फुगलेलं रबर ते भोक झाकतं. मग ब्रेक सुटतच नाही, थोडा लागलेला राहतो. चाक तापतं, द्रव गरम होऊन प्रसरण पावतो, पण परत जायला वाट नाही, त्यामुळे ब्रेक अजून घट्ट. जळका वास येतो, गाडी ओढत नाही. आणि द्रव उकळला की पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पायडल सरळ खाली. घाटात हे झालं तर हातात काय राहतं? गिअर आणि हँडब्रेक.

तुमच्या गाडीत असं झालंय का, याची एक खूण घरी दिसते. डबीचं झाकण उघडा. आतलं रबर फुगून वेडंवाकडं झालंय, परत नीट बसत नाही, असं असेल तर डबीत पेट्रोलियम गेलंय हे समजा. दुसरी चाचणी: डबीतला थोडा द्रव काचेच्या ग्लासात पाण्यात टाका. मिसळला तर ठीक, वर तवंग आला तर गडबड. (तो ग्लास नंतर पिण्यासाठी वापरू नका, हा द्रव विषारी आहे.) पण एक लक्षात घ्या, सिरिंजने वरचं काढल्यावर ही चाचणी चांगली आली तरी त्यावर विसंबू नका. जे आत गेलं ते आतच आहे.

उपाय काय, हे एकाच गोष्टीवर ठरतं: चुकीचं ऑइल ओतल्यावर पायडल दाबलं होतं का?

नसेल दाबलं, तर तुम्ही नशीबवान. पेट्रोलियम ऑइल हलकं, ते डबीत वरच तरंगत असतं. पायडलला हात-पाय न लावता सगळं ओढून काढायचं, डबी काढून स्वच्छ करायची, झाकणाचं रबर बदलायचं आणि सीलबंद डब्यातलं ताजं ब्रेक फ्लुइड भरून सगळी लाइन ब्लीड करायची. धुवायला पेट्रोल-डिझेल अजिबात नको! आपल्याकडे प्रत्येक पार्ट डिझेलमध्ये धुवायची सवय आहे, पण तेही पेट्रोलियमच.

दाबलं असेल, गाडी चालली असेल, तर नुसतं फ्लश करून भागत नाही, कारण रबराने ऑइल पिऊन घेतलेलं असतं. मास्टर सिलिंडर, कॅलिपर आणि व्हील सिलिंडरची किट, चाकांजवळचे रबरी होज, सगळं बदलायचं. लोखंडी पाइप धुऊन वापरता येतात. क्लच हायड्रॉलिक असेल आणि त्याच डबीवर चालत असेल तर क्लचचे दोन्ही सिलिंडरही आले. सगळ्यात महाग पडतं एबीएस युनिट, कारण त्याच्या आतलं रबर सहसा सुटं मिळत नाही. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे बहुतेकांना हा प्रश्न येणार. बिल ऐकून डोकं फिरेल. म्हणून ज्या दिवशी चूक झाली त्याच दिवशी गॅरेजवाल्याकडून जॉब कार्डवर लिहून घ्या. भांडू नका, फक्त लिहून घ्या.

आणि गाडी दुसऱ्या गॅरेजला न्यायची तर दोरीने टोचन करून नको. ओढल्या जाणाऱ्या गाडीलाही ब्रेक लागतोच. उचलून न्या.

आपल्या भागात अजून एक युक्तिवाद ऐकू येतो: ‘ट्रॅक्टरच्या ब्रेकला तर ऑइलच असतं!’ बरोबर, ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतात, पण तिथे चकत्याच ट्रान्समिशन ऑइलमध्ये फिरतात आणि सगळी रचना त्यासाठीच केलेली असते. कारचा नियम वेगळा.

पाणी टाकणारेही आहेत. रबर फुगत नाही, पण पाणी १०० अंशांना उकळतं. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०. हवेतली ओल शोषून साधारण ३.७ टक्के पाणी झालं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. म्हणून तर दर दोन वर्षांनी बदला म्हणतात. अर्धा उरलेला, झाकण उघडं राहिलेला डबा माळ्यावर ठेवून पुढच्या वर्षी वापरू नका.

शेवटचा मुद्दा माझ्यासारख्या कोडवाल्यांसाठी. डॉट ५.१ हे डॉट ५ चं अपडेट नाही! ५.१ ग्लायकॉलवालं आहे, ३ आणि ४ मध्ये मिसळतं. ५ सिलिकॉनवालं आहे, यांच्यात कशातच मिसळायचं नाही. व्हर्जन नंबर देणाऱ्याला एकदा भेटायचंय मला. तुमच्या गाडीला कुठलं लागतं ते डबीच्या झाकणावरच छापलेलं असतं, फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा आणि सर्व्हिसिंगला गेल्यावर दाखवा.