शेतात सापडलेले पुडके

'उडता पंजाब' हा चित्रपट १७ जून २०१६ रोजी पडद्यावर आला. त्या वेळचा गदारोळ आठवून पाहा. सेन्सॉर मंडळाने पंजाबचे नाव काढा, शहरांची नावे काढा, निवडणूक, खासदार, आमदार हे शब्द काढा असे फर्मावले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १३ जूनला न्यायालयाने एकच दृश्य कापायला लावून चित्रपटाची वाट मोकळी केली. वाद रंगला तो पंजाबच्या बदनामीचा, शिव्यांचा आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा. अभिव्यक्ती स्वातंत्र्य आम्हालाही प्यारे आहे. परंतु ज्या मुलीच्या हालांवर हा चित्रपट उभा आहे, तिच्याविषयी किती जण बोलले? आलिया भट्टच्या अभिनयाचे कौतुक झाले, तिला पुरस्कारही मिळाला. ती जिची भूमिका करीत होती, त्या मजूर मुलीचे काय?

ही मुलगी बिहारमधून पंजाबात शेतमजुरीला आलेली. कधीकाळी हॉकी खेळलेली. सीमेपलीकडून फेकलेले हेरॉइनचे पुडके शेतात तिच्या हाती लागते. त्याची किंमत कळल्यावर ती हिशेब करते. जन्मभर राबूनही एवढा पैसा दिसायचा नाही. ती विकायला जाते आणि टोळीच्या तावडीत सापडते. पळता पळता माल विहिरीत टाकून देते. मग त्याची वसुली तिच्या देहातून होते. कोंडून ठेवतात, सुया टोचतात, अत्याचार करतात. तिने व्यसन केले नाही, तिच्यावर ते लादले गेले. शेवटी गोव्यात कुणी नाव विचारते, तेव्हा ती खोटेच नाव सांगते.

अंबड तालुक्यातले आमचे वडीगोद्री धुळे-सोलापूर महामार्गावरचे गाव. जायकवाडीचा डावा कालवा या पट्ट्यात आला, ऊस वाढला, जवळच अंकुशनगरला कारखाना आहे. दुसऱ्याच्या शेतात राबणे ही इथे पडद्यावरची गोष्ट नाही. हा चित्रपट आम्ही ओळखीच्या काही मंडळींसोबत घरच्या टीव्हीवर पाहिला. पोरे गायक टॉमी सिंगची गाणी आणि त्याचे केस पाहून खूश होती. शिकलेल्या मंडळींना शिव्या फार वाटल्या. खुरपणीला जाणाऱ्या दोन बाया मात्र वेगळेच बोलत होत्या. पोरगी सुटून गेली, पण तिच्या राहिलेल्या मजुरीचे काय झाले, असे एकीने विचारले. दुसरीला काळजी विहिरीची. ते पाणी मग कोण प्यायले असेल? एवढ्या चर्चेत हे दोन प्रश्न आम्ही कुठेच वाचले नव्हते.

असे का होते? याचे उत्तर जुने आहे. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर वकील आहे. सनद जाते आणि तो प्याल्याला लागतो. त्याची बायको सिंधू लोकांचे दळण दळते. ठिगळाचे लुगडे नेसून बालगंधर्व जात्यावर बसले की नाट्यगृह रडायचे. रडावे, आमची हरकत नाही. पण त्याच शहरात, त्याच प्रेक्षकांच्या घरी, पहाटेपासून दुसऱ्याचे दळण दळणाऱ्या बाया होत्याच ना? त्यांच्यासाठी कुणी रुमाल काढला नाही. वकिलाची बायको जात्यावर आली म्हणून ते दुःख ठरले. देवदासचेही तेच. तो जमीनदाराचा मुलगा. १९३६ साली सैगल, १९५५ साली दिलीपकुमार, २००२ साली शाहरुख खान, दर पिढीने त्याच्यासाठी अश्रू ढाळले. जो उंचावरून पडतो, त्याचीच पडझड प्रेक्षकाला दिसते. मुळात खाली ठेवलेला माणूस पडला तर आवाजच होत नाही! 'उडता पंजाब'ने निदान मजूर मुलीला मध्यभागी आणले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. प्रेक्षकाने मात्र आपली जुनी खोड सोडली नाही.

बड्या घरचा पिणारा आजारी असतो, त्याला उपचार लागतात. वस्तीतला पिणारा नुसता दारुडा, आणि वर 'या लोकांचे असेच' हा शेरा. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा एक कोयता फडावर जातो. ऊस ती तोडते, मोळ्या ती बांधते, पहाटे भाकरी तीच थापते. संध्याकाळी उचलीतले पैसे बाटलीत जातात, फेड मात्र दोघांच्या अंगावर. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. समोर लाखो कष्टकरी होते. मजुराच्या प्याल्याला त्यांनी विनोद मानले नाही. इकडे आमचे रसिक तळीराम आणि त्याच्या आर्य मदिरा मंडळावर शंभर वर्षे हसत आहेत.

महाराष्ट्रात २००८ सालच्या आदेशाने बायांना आडव्या बाटलीचा हक्क दिला. पुरेशी मते आडव्या बाटलीला पडली तर परवान्याचे दुकान बंद करता येते. अनेक गावांत बायांनी तसे करूनही दाखवले. पण हातभट्टीला परवानाच नसतो, तेव्हा तिच्यावर मतदान कसले घेणार? त्यासाठी बाईला ठाण्याची पायरी चढावी लागते. आणि तिथे पहिला प्रश्न येतो तो हाच, की बाई, तुझा नवराही तिथलीच पितो ना?